मुलं जगू लागली म्हणून जन्म कमी झाले का?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात तुमच्या उपकेंद्राच्या गावांत आजच्या आज्यांची सात-आठ बाळंतपणं झाली आणि त्यातली चार-पाच मुलं हाती लागली. त्यांच्या सुना दोन-तिनांवर थांबल्या, नातसुना एका-दोघांवर थांबतात. हे मुलं मरायची थांबली म्हणून झालं, की शाळा आणि मुंबईमुळे? दुसरं, ग्रामसभेत एक सदस्य म्हणाले, ‘तुम्ही मुलं वाचवत राहिलात तर लोकसंख्या वाढणारच.’ त्यांना काय सांगायचं? आणि तिसरं, हे आपल्या गावांच्या माहितीवरून तपासता येईल का?

थोडक्यात उत्तर असं की मुलं जगण्याची खात्री वाटल्याशिवाय कुठल्याही समाजात दोन मुलांवर थांबणं सर्वसाधारण रीत होत नाही. पण खात्री आली की जन्म आपोआप आणि लगेच घटतात, असंही नाही. मृत्यू कमी होणं आणि आईबापांना त्याची खात्री वाटणं यांत बराच काळ जातो. इतिहासातला सगळा गोंधळ या मधल्या काळातला आहे.

आधी खात्रीचं गणित मांडू, कारण ते कुठल्याही आशाताईला कागदावर करता येतं. समजा, एखाद्या जोडप्याला म्हातारपणी निदान एक मुलगा जिवंत हवा आहे आणि त्याची ९५ टक्के खात्री हवी आहे. (मुलगाच का, हा वाद रास्त आहे, पण हिशेब त्या काळच्या मनाप्रमाणे करायला हवा.) जन्मलेल्यांपैकी निम्मेच मोठे होत असतील, तर एका मुलग्यावर खात्री ५० टक्के, दोघांवर ७५, तिघांवर साडेसत्त्याऐंशी, चौघांवर पावणेचौऱ्याण्णव. म्हणजे पाच मुलगे हवेत, आणि मुलगे-मुली साधारण सारखेच जन्मतात असं धरलं तर दहा बाळंतपणं. शंभरातली ७० मुलं जगत असतील तर तीन मुलगे पुरतात, म्हणजे सहा बाळंतपणं. ८५ जगत असतील तर दोन मुलगे, चार बाळंतपणं. ९५ किंवा त्याहून जास्त जगू लागली की एक मुलगा, दोन बाळंतपणं.

या हिशेबात एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. जगण्याचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेलं, म्हणजे प्रचंड सुधारणा झाली, तरी उत्तर चार बाळंतपणांवरच अडून राहतं. ९५ ओलांडल्यावर ते एकदम दोनवर येतं. प्रत्यक्षात लोक इतकं काटेकोर मोजत नाहीत, पण सुधारणा होऊनही जन्मदर बरीच वर्षं का हलला नाही आणि मग काही वर्षांत भराभर का उतरला, याचं अर्धं कारण इथे आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हजारी २८ मुलं पाच वर्षांच्या आत जातात, म्हणजे ९७ टक्क्यांहून जास्त जगतात. त्याच सर्वेक्षणात एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.७ आहे.

उलट्या टोकाला १९११ च्या सुमाराचा हिंदुस्थान घ्या. सरासरी आयुर्मान तेव्हा जेमतेम २३ वर्षं होतं. सहा जन्मांमागे संसाराला लागायची ती दोन, फार तर अडीच. तिथे हा हिशेब इतकी बाळंतपणं मागतो की ती बाईच्या देहाला पेलणारीच नाहीत. त्यामुळे ‘किती हवीत’ हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. देवाच्या हातातली गोष्ट म्हणायचे, त्यामागे हे वास्तव होतं. आज ‘पूर्वीचे लोक अडाणी म्हणून एवढी मुलं’ असं कुणी म्हणालं, तर हे गणित त्यांच्यापुढे ठेवा. मुलं धडाधड जात होती तिथे थांबण्यात शहाणपण नव्हतं.

दुसरा दुवा शरीराचा आहे. तान्हं मूल अंगावर पीत असतं तोवर आईची पाळी लांबते. मूल गेलं की दूध आटतं, पाळी लवकर येते आणि पुढचा गर्भ लवकर राहतो. यात कुणाचा निर्णय नसतो. आकड्यांत बघा: मूल वर्ष-दीड वर्ष पीत असेल तर गर्भ न राहण्याचे १२ महिने धरा, मग गर्भ राहीपर्यंत सरासरी ८, मधल्या गर्भपातांचे सरासरी २, आणि गरोदरपणाचे ९. एकूण ३१ महिने. तान्हं पहिल्याच महिन्यात गेलं तर १२ ऐवजी २ महिने, म्हणजे एकूण २१. फरक १० महिन्यांचा.

हा फरक मोठा वाटतो, पण वीस वर्षांच्या संसारावर तो किती पडतो ते पाहा. वीस वर्षं म्हणजे २४० महिने. एकही तान्हं गेलं नाही तर ३१ महिन्यांच्या अंतराने पावणेआठ बाळंतपणं होतात. पाचातलं एक तान्हं जात असेल तर सरासरी अंतर २९ महिने, आणि बाळंतपणं सव्वाआठ. म्हणजे बालमृत्यू पूर्ण थांबला तरी या वाटेने जेमतेम अर्धं बाळंतपण कमी होतं. आठाची दोन होणं यातून समजत नाही. शिवाय जिथे अंगावर पाजायची रीतच नव्हती तिथे हा दुवाही नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिण जर्मनीत, बव्हेरियात, पुष्कळ गावांत बाळाला जन्मापासून पिठाची पेज देत. तिथे अर्भकं फार मोठ्या प्रमाणात दगावत, आणि मूल जगो वा जावो, पुढचं बाळंतपण लवकरच येई. जॉन नोडेल यांनी जर्मन गावांच्या चर्चमधल्या कुटुंबनोंदींवरून हे बारकाईने दाखवलं आहे.

तिसरा दुवा म्हणजे गेलेल्याच्या जागी जाणूनबुजून दुसरं होऊ देणं. हा खरा आहे, पण तो चालण्यासाठी आधी थांबण्याची रीत असावी लागते. जी जोडपी थांबतच नव्हती, त्यांच्या बाबतीत ‘जागा भरणं’ याला अर्थ नाही. आणि जिथे रीत आहे तिथेही दहा मुलं गेली म्हणून दहा जास्त जन्मली असं दिसत नाही. भरपाई नेहमीच अपुरी असते. कुणाचं वय झालेलं असतं, कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला पुन्हा त्या वाटेला जायचं नसतं.

आता इतिहास. ‘आधी मृत्यू घटले, मग जन्म’ हे पाठ्यपुस्तकातलं चित्र स्वीडनला बरोबर बसतं. तिथे १७४९ पासून देशभराच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. अठराव्या शतकाच्या शेवटी हजारातली सुमारे २०० बाळं पहिल्या वर्षात जात. १९०० पर्यंत हा आकडा १०० च्या आसपास आला. जन्म मात्र १८८० पर्यंत जागचे हलले नाहीत, बाईमागे साडेचारच्या आसपासच राहिले. मग ५० वर्षांत दोनाच्या खाली गेले. मधल्या काळात स्वीडनची लोकसंख्या दुपटीहून वाढली आणि दहा लाखांहून जास्त माणसं अमेरिकेला गेली. कोकणी वाचकाला हे वेगळं समजवायला नको. घरची शेती पुरेना म्हणून धाकट्याने बोट धरायची, ही गोष्ट रत्नागिरीची तशीच स्वीडनची.

पण फ्रान्स या चित्रात बसत नाही. तिथे १७९० च्या सुमारास जन्म घटू लागले, तेव्हा चार-पाचातलं एक बाळ पहिल्या वर्षात जात होतं. इंग्लंडही नीट बसत नाही. तिथे जन्मदर १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढा होता आणि मग घसरू लागला. १८७७ मध्ये ॲनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल खटला भरला गेला, तो याच सुमारास. पण अर्भकमृत्यू तिथे १९०० पर्यंत हजारी दीडशेच्या आसपासच होता. बरेच जण इथे थांबतात आणि ‘बघा, काही संबंध नाही’ म्हणतात. तो निष्कर्ष घाईचा आहे. इंग्लंडमध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू १८६०-७० पासून घटत होते. पहिल्या वर्षाचा आकडा हलला नव्हता, कारण उन्हाळ्यातले जुलाब आणि घाणेरडं दूध शहरांत तसंच होतं. पण आईबाप हिशेब करतात तो पहिल्या वाढदिवसाचा नाही. मूल चालतं-बोलतं झाल्यावर ते टिकेल का, याचा करतात.

प्रिन्स्टन विद्यापीठात १९६३ पासून ॲन्सली कोल यांच्या पुढाकाराने युरोपातल्या शेकडो प्रांतांचे आकडे तपासले गेले. अमुक इतका बालमृत्यू झाला की जन्म घटतात, अशी एकच पायरी त्यांत सापडली नाही. सापडलं ते हे की एक भाषा बोलणारे शेजारी प्रांत साधारण एकत्र बदलले. बेल्जियममध्ये फ्रेंच बोलणारा भाग आधी बदलला, डच बोलणारा नंतर. कोल यांनी तीन अटी सांगितल्या: मुलांची संख्या ही ठरवण्याची गोष्ट आहे असं वाटलं पाहिजे, कमी मुलांत फायदा दिसला पाहिजे, आणि थांबण्याचं साधन हाताशी पाहिजे. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सर्वांत कामाचं उत्तर हेच आहे. बालमृत्यू घटल्याने पहिल्या दोन अटी पुऱ्या व्हायला मदत होते. तिसरी त्याने पुरी होत नाही, ती वेगळी मिळवावी लागते. जिथे तिन्ही जमत नाहीत तिथे काय होतं ते नायजरमध्ये दिसतं. तिथला पाच वर्षांखालचा मृत्युदर १९९० मध्ये हजारी तीनशेच्या वर होता, तो आता सव्वाशेच्या खाली आहे. तरी बाईमागे मुलं अजून सहाच्या आसपास आहेत.

कोकणात या तीन अटी कशा पुऱ्या झाल्या?

पहिली अट, मुलांची संख्या ही ठरवण्याची गोष्ट वाटणं. त्यासाठी आधी मूल टिकेल हा भरवसा लागतो. जुन्या मतदारयाद्यांत धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावं सापडतात. आधीची मुलं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही. सटवाईची पूजा पाचव्या-सहाव्या दिवशी का, याचं उत्तर धर्माकडे असेल ते असो, पण विळ्याने किंवा कोयतीने कापलेल्या नाळेतून होणारा धनुर्वात त्याच सुमारास, तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत, बाळाला गाठायचा. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी तो गेला. २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. चालत्या-फिरत्या मुलांच्या मृत्यूंत कोकणात लाल विंचवाचा वाटा होता. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून त्यातले मृत्यू तीस-चाळीस टक्क्यांवरून एखाद-दोन टक्क्यांवर आणले. याने जिल्ह्याचा अर्भकमृत्युदर हलत नाही, कारण ती मुलं एक वर्षाच्या पुढची. पण वाडीतलं सहा वर्षांचं धडधाकट पोर एका रात्रीत जाणं आईबापांच्या मनावर जो परिणाम करतं, तो कुठल्याच दरात दिसत नाही. म्हणून फक्त अर्भकमृत्यूवर बोट ठेवून जन्मदराचा अर्थ लावू नका. पाच, जमलं तर दहा वर्षांपर्यंतचं जगणं बघा.

दुसरी अट, कमी मुलांत फायदा. इथे मुंबईचा हात मोठा. गिरणीत लागायला शिक्षण लागत नव्हतं, पण पुढे कारकुनीला, टपाल खात्यात, बँकेत लागायला मॅट्रिक हवी झाली. मनीऑर्डरीवर एकाला शिकवता येतं, सहांना नाही. शेतीचे तुकडे इतके बारीक की आणखी हात असून कामाला जमीन नाही. इथे मूल जगण्याची खात्री आणि शिक्षण यांची सांगड बसते. जे मूल टिकेल की नाही ठाऊक नाही, त्याच्यावर दहा वर्षं खर्च करायला बापाचा हात धजत नाही. म्हणून ‘बालमृत्यू की शिक्षण’ असं एकच निवडायचा प्रश्न मला चुकीचा वाटतो. शिकलेली आई मूल जास्त जगवते आणि जगणारं मूल जास्त शिकवलं जातं. दोन्ही एकमेकांना ओढतात.

तिसरी अट, साधन. र. धों. कर्वे यांचं बालपण दापोलीजवळच्या मुरूडशी जोडलेलं. त्यांची आई १८९१ मध्ये बाळंतपणात गेली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. पण त्या काळी त्यांना लोकांकडून निंदाच जास्त मिळाली, आणि साधन गावोगाव पोचलं ते स्वातंत्र्यानंतर, मुख्यतः स्त्रियांच्या नसबंदीच्या रूपाने. इथे एक नियम बघा, जो तुम्ही रोज पाळता: नसबंदीसाठी जोडप्याचं निदान एक मूल एक वर्षाच्या वरचं हवं. सरकारी नियमातच हे मान्य आहे की पहिलं वर्ष पार झाल्याशिवाय थांबण्याचा निर्णय पक्का धरू नये. १९७६ च्या सक्तीच्या काळात अनेक ठिकाणी हा विवेक सुटला, आणि त्याने कार्यक्रमावरचा विश्वास कित्येक वर्षं मागे गेला.

आता ग्रामसभेतल्या सदस्यांचं म्हणणं. ते पूर्ण चूक नाही, म्हणून त्यांना उडवून लावू नका. मृत्यू आधी घटतात आणि जन्म नंतर, त्यामुळे मधल्या काळात लोकसंख्या वाढतेच. १९५१ मध्ये भारतात ३६ कोटी माणसं होती, २०११ मध्ये १२१ कोटी. पण ती वाढ आपली ओसरते. १९६१-७१ मध्ये वाढ २४.८ टक्के होती, २००१-११ मध्ये १७.६. देशाचा अर्भकमृत्युदर १९७१ मध्ये हजारी १२९ आणि प्रजनन दर ५.२ होता. २०२० मध्ये ते २८ आणि २.० झाले. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या तर २००१ मधल्या १६ लाख ९७ हजारांवरून २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. यात स्थलांतराचा वाटा मोठा आहे, हेही सांगा. नाहीतर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. त्या सदस्यांना सरळ विचारा: आज तुमच्या गावात शंभरातली ९७ मुलं जगतात. ती ८० वर आली तर कोणती सून दोनावर ऑपरेशन करून घेईल?

एक उलटी वाटही आहे आणि ती तुमच्या रोजच्या कामाची आहे. जन्म कमी आणि लांब अंतराने झाले की मुलं जास्त जगतात. दोन जन्मांत दोन वर्षांहून कमी अंतर असेल तर धाकटं कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते, थोरल्याचं अंगावरचं दूध लवकर तुटतं आणि आईचं रक्त भरून येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतपणानंतर निदान २४ महिने पुढचा गर्भ राहू देऊ नये, म्हणजे दोन जन्मांत पावणेतीन वर्षं. म्हणजे अंतरा (इंजेक्शन), छाया (गोळी), तांबी ही साधनं बालमृत्यूवरचाही इलाज आहेत. त्यामुळे आकड्यांत बालमृत्यू आणि जन्म बरोबर खाली येताना दिसले तरी कोणी कोणाला ओढलं हे नुसत्या आलेखावरून सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न, गावात तपासणं. येथे घाई केली तर निष्कर्ष हमखास चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीवरून हे करू नका. जन्म जिथे घडतो तिथे नोंदला जातो. तुमच्या गावातली बाळंतपणं खेड-चिपळूणच्या दवाखान्यांत होतात, तर मुंबईच्या सुना माहेरपणाला येऊन इथे बाळंत होतात. बाळाचा मृत्यू तिसऱ्याच ठिकाणी नोंदला जातो. ही अडचण जुनीच आहे. १९२१ मध्ये मुंबई शहराचा नोंदलेला अर्भकमृत्युदर हजारी ६०० च्या वर होता. चाळींची अवस्था भयंकर होतीच, पण आकडा इतका फुगला तो बायका बाळंतपणाला गावी जात म्हणूनही. जन्माची नोंद कोकणात किंवा घाटावर, मृत्यूची मुंबईत. भागाकारात वरचा आकडा एका गावाचा आणि खालचा दुसऱ्याचा.

वार्षिक दरही काढू नका. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंधरा-सतरा जन्म. त्यातलं एक बाळ गेलं की दर हजारी ६० होतो, पुढच्या वर्षी शून्य. दोन्ही आकडे निरर्थक. निदान दहा वर्षं आणि सगळी गावं एकत्र घ्या. आणि हजार लोकांमागच्या जन्मदरावर जाऊ नका. तरुण जोडपी मुंबईला असल्यामुळे कोकणात तो तसाही कमी दिसतो.

त्याऐवजी घरोघर जाऊन, लग्न झालेल्या (विधवा आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्याही धरून) १५ वर्षांवरच्या प्रत्येक बाईचा बाळंतपणांचा क्रम लिहून घ्या. सुरुवात तीन प्रश्नांनी करा, आणि प्रत्येक वेळी मुलगे वेगळे, मुली वेगळ्या विचारा: घरी राहणारी किती, बाहेरगावी किंवा सासरी असणारी किती, आणि गेलेली किती. ‘एकूण मुलं किती झाली’ असं एकदमच विचारलं तर गेलेली मुलं आणि सासरी गेलेल्या मुली हमखास गळतात. मग क्रमाने प्रत्येकाचा जन्म, आणि गेलं असल्यास वय. मेलेलं जन्मलं असं सांगितलं तर ‘रडलं होतं का, श्वास घेतला होता का, हलत होतं का’ हे हळुवार विचारा. एकदाही रडलेलं बाळ जिवंत जन्मात आणि मृत्यूत दोन्हीकडे धरायचं. दोन बाळंतपणांत चार वर्षांहून मोठं अंतर दिसलं तर मध्ये काही गेलं का, हे पुन्हा विचारा. नवरा मुंबईला होता एवढंच कारण असू शकतं, पण विचारल्याशिवाय कळत नाही. हे सासू समोर असताना विचारू नका. सुनेच्या गेलेल्या मुलाचा हिशेब सासू देते आणि तो वेगळा असतो.

म्हाताऱ्यांना वर्षं आठवत नाहीत, घटना आठवतात. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९८१. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, जानेवारी १९९८. मोठा पूर, २६ जुलै २००५. ‘भूकंपात हा पोटात होता की अंगावर’ या प्रश्नाला जितकं नेमकं उत्तर येतं, तितकं ‘जन्मसाल काय’ याला येत नाही.

माहिती आली की पहिली गोष्ट, वयोगटानुसार झालेल्या मुलांत गेलेल्यांचं प्रमाण काढा. लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांच्या पद्धतीनुसार २०-२४ वयाच्या बायकांतलं हे प्रमाण दोन वर्षांच्या आत जाण्याच्या शक्यतेजवळ असतं, २५-२९ मधलं तीन वर्षांच्या आत, ३०-३४ मधलं पाच वर्षांच्या आत. अचूक आकड्याला गुणक लावावे लागतात, पण अंदाजाला एवढं पुरतं. वयस्कर बायकांकडून मिळणारं प्रमाण जुन्या काळाचं असतं, त्यामुळे एकाच पाहणीत कालचं आणि आजचं दोन्ही दिसतं. सत्तरीपुढच्या आज्या मुलं गाळतात, म्हणून त्यांचं प्रमाण खऱ्यापेक्षा कमीच धरा.

दुसरी गोष्ट, तुमच्या मूळ प्रश्नाची. प्रत्येक मुलामागे बघा, त्याच्यानंतर पुढचं झालं का आणि किती महिन्यांनी. मुलांचे तीन गट करा: पाच वर्षांपर्यंत जगलेली, तान्हेपणी अंगावर पीत असताना गेलेली, आणि दूध सुटल्यावर दोन ते पाच वर्षांत गेलेली. दुसऱ्या गटानंतर पुढचं बाळंतपण लवकर आलं तर ते दूध तुटल्यामुळेही असेल, त्यातून निर्णय सिद्ध होत नाही. तिसऱ्या गटानंतर लवकर आलं किंवा थांबलेलं जोडपं पुन्हा सुरू झालं, तरच ते ठरवून जागा भरणं. या तुलनेत दोन चुका सर्रास होतात. एक, पुढचा गर्भ राहिल्यावर थोरलं गेलं असेल ती जोडी काढून टाका. पुढच्याच्या जन्मतारखेतून नऊ महिने वजा करा आणि मृत्यू त्याच्या आधीचा असेल तरच धरा. नाहीतर धाकट्याच्या गर्भारपणात आबाळ होऊन थोरलं गेलं, आणि आपण उलटंच लिहिलं, असं होतं. दुसरी, ऑपरेशन झालेल्या बाईला ‘पुढचं झालं नाही’ म्हणून जगलेल्यांच्या खात्यात सरळ मोजू नका. ऑपरेशनची तारीख लिहा, तिथपर्यंतचाच काळ मोजा आणि त्यांचा आकडा वेगळा दाखवा.

नवरा कुठे राहतो याचा रकाना विसरू नका. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यालाच येणाऱ्या चाकरमान्याच्या घरी अंतर लांबच असणार, मूल जगलं काय आणि गेलं काय. ही घरं वेगळी न काढता सरासरी घेतली तर बालमृत्यूचा परिणाम आहे त्याहून फिका दिसेल.

कातकरी वाडीची माहिती गावात मिसळू नका. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्टीला किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांतली बाळंतपणं आणि मृत्यू कोणाच्याच वहीत नसतात. पाहणी जून-जुलैत करा. आणि तिथे बायका चार-पाचांवरही थांबत नसतील तर ऑपरेशनचा आग्रह आधी धरू नका. वाडीतली पाच वर्षांखाली गेलेली मुलं मोजा. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या सहा घरभेटी (घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवसाची धरून सात) भट्टीवर कशा होतील हे भट्टी ज्या उपकेंद्रात येते तिथल्या सेविकेशी ठरवा. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या निघतानाच आईच्या हाती द्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. अंतर ठेवण्याची साधनं याच भेटींत सांगा. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी लागतं, म्हणून पुढची तारीख भट्टीवर असताना पडणार असेल तर ती चिठ्ठीवर लिहून द्या, आणि ती चिठ्ठी कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालते हे आईला दोनदा सांगा.